श्वास ऐकू येईपर्यंत

जनावराची संमती घेतल्याशिवाय गोळी न झाडणारा माणूस मुरबाड तालुक्यात एकच असेल, आणि तो माझा मामा. भातराखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती, रानडुकरं मारायची रीतसर परवानगीही होती. पण डुकराचा श्वास ऐकू आल्याशिवाय तो चाप ओढत नसे. वास येऊ नये म्हणून हंगामभर कांदा, तंबाखू, साबण बंद. चाल अशी, की मागे कधी येऊन उभा राहिला ते कळायचं नाही. मामीच्या हातून दोनदा दुधाचं पातेलं सुटलं. शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून उतरून तो भातात रांगत जाई आणि बहुतेक वेळा तसाच परत येई. एकदा म्हणाला, "मला हुंगून गेला. मंग कसा मारू?" मामी म्हणाली, "उद्या च्या घेऊन जा त्याला."

मागच्या वर्षी डुकरांनी निम्मं भात लोळवलं. वाशिंदला कामाला असलेल्या मामेभावाने बंदुकीला दुर्बीण बसवून दिली. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मामा माझं फार ऐकतो. एका संध्याकाळी डुक्कर भातात उतरलं, तेव्हा माळ्यावर बसून मीच अंदाज सांगितला, "दीडशे पावलं असतील. इथूनच मार."

"त्याला ठावं पन नाय गो, आपन हाव ते."

"मामा, मार."

त्याने मारलं. डुक्कर बसलं, उठलं आणि मागचा पाय ओढत कारवीत शिरलं. निदान त्याची सुटका करावी म्हणून मामा तसाच मागे धावला. रक्त ओढ्यापर्यंत होतं, पुढे काहीच नाही. तो रोज शोधायला जात राहिला. अकराव्या दिवशी त्याने बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून टाकली.

तेव्हापासून जेवता जेवता तो थांबतो, कान देतो. "दमलाय," एवढंच म्हणतो. मामी आता चेष्टा करत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भर उन्हात शेताकडे निघालो होतो. मामा एकदम पायवाटेवरून खाली उतरला, मलाही हाताला धरून उतरवलं. वारा अजिबात नव्हता. तरी वाटेच्या कडेचं गवत वाकत वाकत आमच्या दिशेने आलं, आणि माझ्या गुडघ्याच्या उंचीवर मला ओला, घरघरणारा श्वास ऐकू आला.

"मामा, 'मार' असं मी म्हटलं होतं," मी कसंबसं बोलले.

"बोट माजं होतं," तो हळूच म्हणाला. "जाऊ दे त्याला."

श्वास लांब जाईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. आजारी माणसाला वाट द्यावी, तशी आम्ही दोघं कडेला उभी होतो.