चढावरची परीक्षा

जनावरांच्या डॉक्टरांची जीप एकवीस वर्षांची झाली होती. नवी कधी घ्यायची, याचा त्यांचा नियम पक्का होता. टेकडीवरच्या गोठ्याचा चढ जीपने दुसऱ्या गिअरमध्ये काढला नाही, की त्याच दिवशी ती विकायची. दरवर्षी बायकोला साक्षीला शेजारी बसवून ते ही परीक्षा घेत आणि जीप दरवर्षी पास होई. का नाही होणार? आधी औषधांची पेटी उतरली, मग मागच्या वर्षी स्टेपनी घरीच राहिली. यंदा अर्ध्या चढावर इंजिन धापा टाकू लागलं, तेव्हा डॉक्टर लाडीगोडीने म्हणाले, "अगं, जरा उतरतेस का?"

"म्हणजे मी जड झाले?"

"छे गं! आज वारा समोरून आहे."

ती उतरली आणि चालू लागली. जीप इंजिन गार करायला दोनदा थांबली, पण दुसऱ्या गिअरमध्येच वर पोचली. "झाली पास!" म्हणत डॉक्टरांनी उडी मारली, तर बायको गोठ्याच्या कठड्यावर आरामात बसलेली.

"शोरूमवाल्याला फोन केलाय," ती म्हणाली. "उद्या नवी गाडी इथे घेऊन येतोय. माझ्याआधी वर पोचली, तर घेऊन टाकू."