एका दाताची कवळी

कवळीमामा हे नाव त्याला गल्लीनेच दिलेलं. डॉक्टरबाईंच्या दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो दात बनवायचा. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाचे जबडे आणि याच्या भुवयांपर्यंत पांढरी पूड. गडी डॉक्टर नव्हता, पण रुबाब डॉक्टरपेक्षा वरचढ. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारायचा, "रात्री ब्रश करता का?" समोरचा हो म्हणाला तरी याचा विश्वास बसायचा नाही.

अशा माणसाच्या बायकोच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिला पाचवा महिना होता. थुंकीत लाल बघून ती घाबरली. "अहो, डॉक्टरबाईंना विचारा ना," म्हणाली.

विचारलं त्याने, नाही असं नाही. साचे द्यायला गेला तेव्हा जाता जाता विषय काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मामा, उद्याच घेऊन या. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. दाखवायला हे महिने चांगलेच. उगाच लांबवू नका."

इतकी सरळ गोष्ट! पण याला लाज वाटली. सगळ्या गल्लीला दात घासायला शिकवणाऱ्याची बायको त्या खुर्चीत बसणार आणि बाई आत डोकावून म्हणणार, काय मामा, घरात लक्ष नाही वाटतं! नकोच ते. घरी येऊन त्याने थाप ठोकली, "बाई म्हणाल्या, आत्ता हात लावायचा नाही. बाळंत झालीस की बघू."

तिने ऐकलं. नवरा दातांतला जाणकार, मग शंका कशाला घेईल बिचारी? सातव्या महिन्यात समोरच्या दाताच्या मुळाशी पू झाला, ओठ टम्म सुजला. दुधात पाव कुस्करून ती एका बाजूने गिळायची आणि वर त्यालाच धीर द्यायची, "बाईंनीच सांगितलंय ना, काढीन थोडे दिवस." तेव्हा तरी बोलावं की नाही माणसाने? नाही बोलला मेला. आतल्या आत जळत राहिला, पण जीभ रेटली नाही. प्रसूतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज उतरली. दात मात्र हलायला लागला तो लागलाच. बायको बाळंतपणातून उठते न उठते, मुलगी दीड महिन्याची असताना एका सकाळी तो दात बायकोच्या हातातच आला.

तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरायची. लेकीशी बोलतानासुद्धा.

हिरडी भरल्यावर त्याने घरीच तिचं माप घेतलं आणि एका दाताची कवळी करायला बसला. आठ दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. शेजारच्या दाताची किंचित तिरकी कड, कोपऱ्यातली पिवळसर झाक, सगळं जसंच्या तसं. असा दात त्याने जन्मात केला नव्हता. घरच्या घरी बसवून टाकू, असा त्याचा बेत.

"बसवायला बाईंकडेच जायचं," ती म्हणाली. "मला विचारायचंय त्यांना."

दवाखान्यात लेक त्याच्या मांडीवर होती. खुर्चीत बसल्या बसल्या बायको म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही थांब म्हणालात म्हणून थांबले. तेव्हाच बघितलं असतंत तर वाचला असता का हो?"

डॉक्टरबाईंनी एकदा मामाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आता ते कशाला? आ करा बघू."

त्या सांभाळून घेत होत्या. गप्प बसला असता तर सुटला असता. पण बायको मान खाली घालून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार," आणि त्याला ते सोसवेना.

"बाई थांब म्हणाल्याच नव्हत्या," तो म्हणाला. "उद्याच आण म्हणाल्या होत्या. मी खोटं सांगितलं. मला लाज वाटली."

बायकोने ट्रेमधला त्याने केलेला दात उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"डॉक्टर, मला दुसऱ्या कुणाकडून करून द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही, लेकीला घेऊन जरा बाहेर बसा." एवढं बोलून ती मागे टेकली आणि तिने तोंड उघडलं.