मोर्चा संपल्यावरचं कापड

वाणगावच्या बाजारात मिरच्या निवडत होते, तेव्हा फोन आला. नलिनीची वहिनी जयवंती बोलत होती. "बाई, नलूताई गेली... तुमी या." आजार लांबलेला होता, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी पिशवी तिथेच विसरून मी निघाले.

नलिनी आणि मी बोईसरच्या एकाच शाळेत शिकवायचो. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे मी सांगलीहून इकडे आलेली. ती नवापूरची, मच्छीमार घरातली. मी मराठी शिकवायची, ती चित्रकला. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीत मेलेली मासळी तरंगू लागली आणि किनाऱ्यावरच्या बायकांनी मोर्चा काढायचं ठरवलं, तेव्हा फलक रंगवायला त्यांनी नलिनीलाच बोलावलं. जुन्या चादरींवर तिने मोठमोठी पापलेटं, रिकाम्या टोपल्या रंगवल्या. अक्षरं मात्र बायकांकडूनच काढून घेतली, वाकडीतिकडी, काना-मात्रा चुकलेली. मी ती दुरुस्त करायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं. त्यांचा आवाज आहे तो."

मोर्चा झाला, आणि त्यातल्याच एका चादरीने कुणीतरी टेम्पो पुसताना तिला दिसला. तिथून तिचं गोळा करणं सुरू झालं. शाळा सुटली की स्कूटर काढायची आणि गावोगावचे जुने फलक शोधत फिरायची... कितीदा तरी मी मागे बसून गेले. मोर्चात पुढे असलेल्या, मासळी विकणाऱ्या हिराकाकींच्या अंगणात एक फलक सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी घडी करून ठेवलेला होता. काकी ठाम होत्या. "नाय देनार. पाऊस आला का बोंबील कशानं झाकू?" नलिनीने आग्रह केला नाही. ओट्यावर बसली आणि त्या मोर्चात काय काय घडलं ते ऐकत राहिली. काही दिवसांनी काकी स्वतःच ती चादर धुऊन घेऊन आल्या. "ठेव तुझ्यापाशी. पन मोर्चा निघाला का परत द्यायचा." नलिनीने तिथल्या तिथे कबूल केलं.

त्या शब्दाची परीक्षा पुढे झाली. मुंबईतल्या एका संग्रहालयाला तिचा सगळा संग्रह हवा होता. गार खोली, काचेची कपाटं, वाळवीची भीती नाही. नलिनीचं दुखणं तेव्हा नुकतंच कळलं होतं. मी म्हटलं, "देऊन टाक. इथल्या खाऱ्या हवेत कापड टिकायचं नाही. आणि तुझ्यानंतर बघणार कोण?" तिने संग्रहालयातून आलेल्या बाईंना एवढंच विचारलं, "मोर्चासाठी फलक परत मिळेल?" त्या प्रामाणिक होत्या, नाही म्हणाल्या. मग नलिनीने त्यांना हवे तेवढे फोटो काढू दिले, चहा पाजला आणि कापड ठेवून घेतलं. काही दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. ती मात्र थकत, मध्येच टेकत, मच्छीमार सोसायटीच्या बंद पडलेल्या बर्फाच्या खोलीत फलकांसाठी दोऱ्या बांधून घेत होती. बायकांनी भिंतींना चुना लावला. चावी हिराकाकींकडे गेली.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी कोळगावला जिल्हा कार्यालयावर मोर्चा निघाला. बायकांनी खोलीतले फलक बाहेर काढले. मीही गेले. वाऱ्याने एक चादर मधोमध फाटली आणि मी ती गुंडाळून ठेवायला पुढे झाले. बायका मात्र दोन्ही तुकडे उंच धरून, घोषणा देत चालत राहिल्या. या वेळी निवेदन घ्यायला साहेब खाली उतरून आले. खाडी बघायला येतो म्हणाले. येतील तेव्हा खरं... पण खाली तरी आले.

परवा खोलीवर गेले, तर काकी जाळ्याच्या दोऱ्याने ती चादर शिवत होत्या. टाके जाड, लांबून दिसणारे. तेवढ्यात डोंगरपट्टीतल्या गावाहून आलेली एक बाई दारात उभी राहिली. काखेत कापडाची घडी. "आमचा पान्याचा मोर्चा झाला... ह्यो फलक इथं ठेवाल का?"

काकींनी सुई बाजूला ठेवली, दोरीवरच्या चादरी सरकवून जागा केली. "बस बाय," त्या म्हणाल्या. "आदी पानी पी. मग सांग, काय झालं तुमच्याकडं."

बाई सांगू लागली. मीही खाली बसले.