भांगाच्या तिथीची व्याख्यानं

आमच्या मंडळाची इतिहासाची आणि कलेची व्याख्यानं अष्टमी-नवमीला व्हायची. बाहेरचा पाहुणा हसायचा, म्हणायचा, किल्ल्यावर बोलायला मुहूर्त कशाला लागतो? मुहूर्त नव्हता हो तो. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असतो. पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काही येत नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला असतात. किनाऱ्यावरच्या नवापूरची, घिवलीची माणसं संध्याकाळी मोकळी असायची ती तेव्हाच. उधाणात बोलायचं तर भिंतींशी बोला.

मी फार शिकलेली नाही. वाचनालयातली पुस्तकं वाचत गेले आणि बोलायला लागले. पुरुष मागे भिंतीला टेकून जाळं विणत ऐकायचे. पुढे माझी मैत्रीण, नवापूरची, मासे विकणारी. मी लांबवलं की सगळ्यांदेखत म्हणायची, "बाय, तुजा राजा मेल्याशिवाय तू काय आमाला घरी सोडत नाय."

मग बोईसरच्या कॉलनीतले एक साहेब चिटणीस झाले. कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, देशावरचे, माणूस चांगला. त्यांनी व्याख्यानं महिन्याच्या पहिल्या शनिवारी नेली. माईक आला, खुर्च्या आल्या. कॉलनीतले लोक चार महिने आले, मग त्यांना मुलांचे क्लास निघाले. नवापूरचे तर आलेच नाहीत. शेवटी चिटणीस म्हणाले, "मावशी, असंच चाललं तर बंद करावं लागेल. हॉल योगाच्या वर्गाला मागतायत."

मी म्हटलं, "मला एक अष्टमी द्या. माणसं नाही आली तर खुशाल बंद करा."

"दिली. तिथी मात्र तुम्हीच बघा."

मी आता मुलाकडे बोईसरला राहते. गुडघ्यांमुळे किनाऱ्याला जाणं होत नाही. मैत्रीण बाजारात भेटते, तिच्या टोपलीत बोंबील असतात, त्यावरून मी धरून चालले की सगळं पूर्वीसारखं आहे. तिला म्हटलं, अष्टमीला हॉलमध्ये आपल्या इकडच्या माहीमच्या किल्ल्याविषयी बोलणार आहे, सगळ्यांना सांग. "सांगते," म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या संध्याकाळी मी खुर्च्या काढायला लावल्या, सतरंज्या घातल्या. चिटणिसांनी थर्मासमधून चहा आणला होता. दिवेलागण झाली तरी कोणी नाही. मग मैत्रीण आली, रिकामी टोपली घेऊन, एकटीच.

"बाकीचे?"

"कोन बाकीचे? होड्या उधानाला पन वाळूतच हायत. मासा उरला नाय. पोरं कारखान्यात जातात. त्यांना अष्टमी काय नि पुनव काय."

"आणि तुझे बोंबील?"

"ते गुजरातवरनं बर्फात येतात."

"मग बाजारात का नाही बोललीस?"

"तू येवढी खुशीत होतीस. तोंडातनं निघालंच नाय."

मी विचारलं, त्यांना सुट्टी कधी असते, त्या दिवशी ठेवू. ती हसली. "एकाला सोमवारी, एकाला गुरुवारी. माजे दोन पोरगे एका घरात राहून एकमेकांना दिसत नाय."

चिटणीस चहाचा कप हातात धरून उभे होते. म्हणाले, "त्या पाळ्या आम्हीच लावतो, मावशी. सगळ्यांना एकदम सुट्टी देता येत नाही, मशीन थांबत नाही." ओशाळले होते बिचारे. त्यांच्यावर रागवावं असं मला त्यात काही सापडेना. शनिवारचं काढून अष्टमी मागता आली, आता मागू काय?

"बोल ना," मैत्रीण म्हणाली. "मी हाय ना."

मग बोलले. ती पहाटेपासून उभी होती. मी किल्ल्याच्या दरवाजाशी पोचेपर्यंत तिचा डोळा लागला. थांबले तर जागी होईल म्हणून हळू आवाजात शेवटपर्यंत सांगितलं. चिटणीस ऐकत होते, पण घड्याळाकडेही बघत होते, त्यांना रात्रपाळीची फेरी होती.

तिला उठवल्यावर त्यांनीच सतरंज्या गुंडाळल्या. "योगवाल्यांना सोमवारपासून या म्हणू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, म्हणा.