अण्णांचे हात

गणपतीच्या आरासीत यंदा खेळण्यातली आगगाडी फिरवायची, असं आमचं ठरलं होतं. पुठ्ठ्याचा डोंगर झाला, त्यात बोगदा झाला आणि माझा मोठा भाऊ रूळ जोडायला बसला. आमचे वडील, अण्णा, शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. एका वळणावर सांधा नीट बसेना, तेव्हा त्यांनी वाकून हात पुढे केला.

"अण्णा, हात नका लावू. सगळं पाडाल," दादा मान वर न करताच म्हणाला.

अण्णांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकून मांडीवर ठेवला. ते बघून माझं डोकं भणभणलं. या माणसाने रेल्वेत आयुष्यभर खरे रूळ सांभाळले. त्याच्या हातांच्या भरवशावर कितीतरी अनोळखी माणसं गाडीत निर्धास्त झोपली. वयाने हात थरथरतात, ते कुणाला चुकत नाही. पण ते लपवायला घरचीच माणसं शिकवतात.

मी दादाच्या हातातला रूळ हिसकावला आणि अण्णांपुढे धरला. "तुम्हीच जोडा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"अगं, राहू दे," अण्णा शांतपणे म्हणाले. "तो बरोबर बोलतोय. पडलंच असतं माझ्या हातून."

दादाच्या बोलण्यापेक्षा मला त्या शांतपणाचा जास्त राग आला. असं ऐकून घ्यायची सवय एका दिवसात लागत नाही, आणि इतके दिवस मीही याच घरात होते.