नकाशात नसलेला तांडा

सरकारी ऑफिसात फायली बंद होतात, किस्से काही बंद होत नाहीत. आमचं ऑफिस नांदेडला. काम आकड्यांचं आणि नकाशांचं. कुठल्या गावात किती माणसं, किती हातपंप, शाळा किती लांब, हे सगळं गोळा करायचं आणि नकाशात रंगवायचं. लोकांना वाटतं, किती रुक्ष काम! अहो, रुक्ष असतं तर माझं बीपी एवढं कशाला वाढलं असतं?

माझ्या बहिणी माहेरपणाला आल्या की म्हणतात, "तुझ्या ऑफिसचं सांग ना काहीतरी." मी सांगते, त्या पोट धरधरून हसतात, आणि मला मात्र सांगतानाही चीड येते. यातले बरेचसे किस्से एकाच तांड्याचे आहेत. मुखेड आणि जळकोटच्या मधल्या माळाखाली तो आहे. त्या तांड्याला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर हवा होता, एवढीच मागणी. टँकर यादीतल्या वस्तीलाच मिळतो, यादी नकाशावरून निघते, आणि नकाशात तांडाच नव्हता!

*

आधी आमचे नकाशे कसे तयार होतात ते ऐका. पाण्याची टंचाई असेल ते गाव लाल, बरं असेल ते हिरवं, असा साधा नियम. एकदा मोठ्या बैठकीच्या आदल्या दिवशी देशपांडे साहेबांनी नकाशा मागवला. आमचे साहेब मनाने सज्जन, पण बैठक म्हटली की त्यांना दरदरून घाम फुटतो.

"जोशी मॅडम, हा खालचा सगळा भाग लालच लाल झालाय!"

"साहेब, तिथं पाणी नाहीये."

"हो, ते बरोबर आहे. पण लाल जरा भडक दिसतो. आंबा कलर घ्या ना!"

घेतला आंबा कलर. दुसऱ्या दिवशी पाहुणे नकाशासमोर उभे राहिले आणि मान डोलावून म्हणाले, "वा! मागच्या वेळेपेक्षा बरीच सुधारणा दिसते!"

साहेबांनी माझ्याकडे असं कौतुकानं पाहिलं, जणू काही मीच रात्रीतून बोअर मारून आले होते.

*

तर, तांडा. शांताबाई राठोड नावाच्या बाईंचं पत्र आलं, वहीच्या पानावर लिहिलेलं. या शांताबाई तिथल्या बचत गटाच्या प्रमुख. "आमच्या तांड्याला पाणी नाही, टँकर पाठवा," एवढाच मजकूर. मी नकाशा उघडला, तांडा नाही. मागच्या सर्वेक्षणाचे कागद काढले, तर प्रत्येक घरापुढे एकच शब्द: "कुलूप." आणि शेवटी वरच्या कुणीतरी शेरा मारलेला: "निर्जन."

सर्वेक्षण केलेल्या मास्तरांना फोन लावला. मास्तर बिचारे दुखावलेच.

"मॅडम, मी सोता गेलतो की! जानेवारीत. तांडा झाडून ऊसतोडीला गेलेला. दोन म्हाताऱ्या होत्या, त्या म्हणल्या, आमी लेकीकडं राखणीला आलाव, आमाला धरू नका. मग म्या कुलूप लिवलं. खरं तेच लिवलं!"

मास्तरांचं खरंच होतं. दिवाळी झाली की तांडे ऊसतोडीला जातात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी सर्वेक्षण दरवेळी जानेवारीत! मी वर लेखी विचारलं, की हे मे महिन्यात का घेत नाही? उत्तरही लेखी आलं: "मे महिन्यात शिक्षकांना सुट्टी असते."

*

मग मीच जायचं ठरवलं. जीपवर शिवलिंग अप्पा. अप्पा मूळचे उदगीरचे, गळ्यात लिंग, तोंडात पान आणि प्रत्येक गोष्टीवर मत. मे महिना होता, तांडा भरलेला होता. शांताबाईंनी बाज टाकली आणि मी फॉर्म काढला.

"मावशी, पिण्याचं पाणी किती लांब आहे?"

"कंच्या महिन्यात?"

"असं महिन्याचं नाही. एकच आकडा लिहायचाय."

"एकच कसा? पंचमीला पाणी दारातल्या आडात ऱ्हातंय. दसऱ्याला वढ्यात. शिमग्याला ऊस तोडून आलाव की पाटलाच्या मळ्यात, त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर असलं तर. आन आता जिथं मिळल तिथं. सांगा, कंचा लिवता?"

मी फॉर्मच्या समासात चारही अंतरं लिहिली. ऑफिसात आल्यावर कळलं की कॉम्प्युटरला समासच नाही! एकच चौकोन, त्यात एकच आकडा. डाटा एन्ट्रीवाल्याने सगळ्यात वरचा उचलला, आणि तांड्याचं पाणी बारा महिने दारात आलं.

*

ते खोडून घेईपर्यंत नवीनच भानगड निघाली. आमच्या नकाशात तांड्याच्या जागी आडवं छापलेलं होतं, "लातूर जिल्हा". म्हणजे तांडा आमचा नव्हेच! मी पलीकडच्या जिल्ह्यात माझ्यासारखंच काम करणाऱ्या स्वामींना फोन लावला.

"स्वामी, हा तांडा तुमच्याकडे येतो."

"थांबा, नकाशा बघतो." जरा वेळाने म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं तर तिथं 'नांदेड जिल्हा' असं छापून हाय."

"आमच्याकडे 'लातूर जिल्हा' छापलंय."

मग स्वामी एकदम खुशीत म्हणाले, "म्हंजे मॅडम, आपलं दोघांचं बी बराबर हाय की!"

फोन ठेवला आणि दोन ग्लास पाणी प्यायले. नळाचं!

*

आता हे शांताबाईंना सांगायचं कसं? जिवंत माणसाला तोंडावर सांगायचं, की तुम्ही कुठेच राहत नाही! पुन्हा गेले आणि सांगितलं. मला वाटलं, बाई चिडतील. त्या उठून घरात गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. आत निवडणुकीच्या चिठ्ठ्या.

"मत एकाच जागी देताव, पर मागायला दोन्ही जिल्ह्याच्या जीपा येतेत. बघा, घरटी चिठ्ठी हाय. कोण हाय, कोण मेलं, कुणाचं लगीन झालं, समदं त्यास्नी मालूम. आमी उसाच्या फडावर असलाव तर तिथं गाडी पाठवतेत. मॅडम, तुमच्या साहेबाला म्हणावं, नकाशा त्यांच्याकडून मागून घ्या!"

पान थुंकून अप्पा म्हणाले, "बाईचं बराबर हाय."

साहेबांना सांगितलं. साहेब मनापासून हसले आणि हसता हसता म्हणाले, "हे रिपोर्टात लिहू नका हं, मॅडम!"

*

टंचाईच्या बैठकीत मी तांड्याचा विषय काढलाच. समोरच्या एका तरुण अधिकाऱ्याने लॅपटॉप फिरवला. "मॅडम, जिल्ह्याची पाण्याची सरासरी पुरेशी आहे. विष्णुपुरी धरणात साठा चांगला आहे."

"विष्णुपुरी कुठे, तांडा कुठे!"

"सरासरी जिल्ह्याची असते, मॅडम."

अप्पा दाराशी साहेबांची बॅग घेऊन उभे होते. बोलायचा अधिकार नव्हता, पण अप्पांना कोण अडवणार? "साहेब, उदगीरला माझ्या भावानं काल पुरणपोळी खाल्ली. मी उपाशी हाय. आमची दोघांची सरासरी काढून मला जरा ढेकर द्या!"

सगळे हसले. तरुण अधिकारीही हसला. आणि मग बैठक संपली, तांड्याचा विषय तसाच राहिला. त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू?

साहेबांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, घाम पुसला आणि कागदावर सही केली. "कुणाचा का असेना, आपण घेऊ तांडा आपल्या नकाशात. विचारलंच कुणी तर माझं नाव सांगा." या एका सहीसाठी मी साहेबांचे सगळे आंबा कलर माफ केले.

*

तांडा नकाशात घ्यायची रीत अशी. टॅब घेऊन वस्तीच्या मधोमध उभं राहायचं आणि बटण दाबायचं. नकाशावर टिंब उमटतं. मी शांताबाईंच्या अंगणात उभी राहिले. बटण दाबलं. टॅबवर चक्र फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. नेटवर्क नाही!

अप्पा म्हणाले, "वर माळावर रेंज हाय. इथली लोकं फोनवर बोलायला तिथंच जातेत."

ऊन मी म्हणत होतं, डोकं ठणकत होतं. माळ चढले. वरून तांडा खाली स्वच्छ दिसत होता. मनात म्हटलं, एवढ्याशा अंतराने काय आभाळ कोसळणार आहे? दाबलं बटण. "स्थळ यशस्वीरीत्या नोंदवले." अप्पांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही.

*

पुढच्या उन्हाळ्यात टँकर मंजूर झाला. मी ऑफिसात पेढे वाटले. आठवड्याने शांताबाईंचा फोन आला.

"मॅडम, टँकर आला. पर वर माळावर थांबून ऱ्हायलाय. डायवर म्हणतो, टिंब इथं हाय. टिंबावर फोटू न्हाई काढला तर फेरी धरत न्हाईत. खाली येतच न्हाई!"

मी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज टाकला. आठ दिवसांनी स्मरणपत्र. मग आणखी एक. शेवटी उत्तर आलं, टिंब पुढच्या सर्वेक्षणातच हलवता येईल. मी टेबलावर डोकं टेकून बसले. चूक माझी, आणि घागरी घेऊन माळ चढणार त्या!

यंदा उन्हाळ्यात अप्पांबरोबर त्या बाजूला गेले होते. तोंड कसं दाखवायचं म्हणून तांड्यात जायचं धाडस होत नव्हतं. पण माळावर पोचलो आणि अप्पांनी करकचून ब्रेक मारला. टिंबाच्या जागी निळे ड्रम ओळीने मांडलेले. त्यांच्याभोवती पत्र्याची घरं, चुली, दोरीवर वाळत घातलेले कपडे, शेळ्या. शांताबाई नव्या घराची जमीन सारवत होत्या.

"मावशी, इथं कशा काय?"

"मग काय करावं? घागरी घिऊन किती चढावं-उतरावं? म्हणलं, टिंब काय खाली येत न्हाई, आपुनच वर जावं. निम्मा तांडा आलाय. बाकीचे पावसाच्या आत येतेत."

मी कसंबसं म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे हो. मी बटण चुकीच्या जागी दाबलं."

शांताबाईंनी सारवणाचा हात धुतला आणि ड्रममधलं पाणी तांब्यात भरून माझ्या हातात दिलं.

"चूक कशाची, मॅडम? परवाच तपासणीवाले साहेब आलते. समदं फिरून मोजून गेले. म्हणले, नकाशा एकदम बराबर हाय!"