गळ्यातली रेघ

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात गंडा नाही, ताईत नाही, अंगारा नाही. भूतबाधेच्या गोष्टी सांगणाऱ्याला माझे वडील आधी जेवू घालायचे आणि मग झापायचे. मी त्यांचीच मुलगी! तेव्हा हे वाचून 'म्हातारीचं डोकं फिरलं' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्याला थोरल्या बहिणीकडे शिकायला होते. तिच्या यजमानांचा, म्हणजे माझ्या भाऊजींचा, फोटो स्टुडिओ होता. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे वण झाकायचं काम माझ्याकडे.

दर हिवाळ्यात आम्ही चांदूर बाजारजवळच्या आमच्या वावरात हुरडा खायला जायचो. तिथं धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, बिळात मुंगसाची मादी होती. सकाळच्या उन्हात पिल्लू घेऊन बाहेर बसायची. दोन हिवाळे थोडं थोडं जवळ सरकत मी तिला माझी सवय लावली होती. तिचा फोटो मी काढायचा, असं भाऊजींनी कबूल केलं होतं.

पण भाऊजींना धीर कुठला? ससा पळाला, खार हलली, त्यांचे सगळे फोटो पुसट. एका सकाळी मी येऊन पाहते, तर त्यांनी पिल्लू पकडून, गळ्यात सुतळी घालून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, खुंटाला बांधलेलं... म्हणजे आई येईल आणि एका जागी थांबेल.

"सोडा वो त्याले!" मी लांबूनच ओरडले.

"गप राय. फोटो कसा येते ते पाय."

आली ती. सुतळी कुरतडत राहिली, पिल्लू हिसके देत राहिलं, भाऊजींनी बटण दाबलं. मी धावत पोचेपर्यंत फास आवळला होता. मादीनं सुतळी तोडली, मेलेलं पिल्लू तोंडात धरलं आणि पऱ्हाटीत शिरली.

"वाटोळं होईन तुमचं," मी म्हटलं. मोठ्यानं, त्यांच्या तोंडावर.

नागपूरच्या एका प्रदर्शनात त्या फोटोला बक्षीस मिळालं. मोठी प्रत स्टुडिओच्या काचेत लागली. पिल्लाच्या गळ्यातली सुतळी स्पष्ट दिसायची, तरी लोक म्हणत, "आईची माया पाहा!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यानंतर भाऊजींनी एका सरकीच्या व्यापाऱ्याचा फोटो काढला. त्याच्या गळ्याभोवती बारीक काळी रेघ. मी निगेटिव्हवर पेन्सिलीनं बुजवली, पुन्हा प्रत काढली... रेघ तशीच! व्यापारी फोटो आपटून गेला. "मले काय फाशी देल्ली का तुमी?"

मग नवरदेवाच्या गळ्यात. मग बारशाच्या बाळाच्या. भाऊजींनी फिल्म बदलली, कॅमेरा नवा आणला, चोरून गंडासुद्धा बांधून आले. रेघ जाईना. गिऱ्हाईक तुटलं. ताई रडायची, तिचं मला वाईट वाटायचं. भाऊजींचं नाही. आणि त्याच कॅमेऱ्यानं मी ताईचा फोटो काढला, तर गळा स्वच्छ!

शेवटी भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "आता तूच काढत जाय, बाई. मी दिवे धरतो."

"काढीन. पण आधी तो मुंगसाचा फोटो उतरवा."

त्यांनी उतरवला आणि हातातच धरून उभे राहिले. मी जवळ जाऊन पाहिलं. पिल्लाच्या गळ्यात सुतळी नव्हती. खुंट रिकामा. मादीचे दात उघडे, पण दातांत काहीच नाही. निगेटिव्ह शोधून उजेडात धरली – तिथंही नाही.

"राहू द्या आता काचेतच," मी म्हटलं आणि स्वतःच्या हातानं फोटो परत लावला. पुढं भाऊजी हयात असेपर्यंत मी कॅमेऱ्यामागे आणि ते बाजूला दिवे धरून उभे, काचेतला तो फोटो रोज डोळ्यांसमोर.

खूप जाणकारांना विचारलं. कुणी केमिकल म्हणालं, कुणी हसलं. सुतळी तिथून सुटून माणसांच्या गळ्यात कशी आली, मला आजही सांगता येत नाही. पण पिल्लाचा गळा मोकळा झाला, आणि ज्याच्यामुळे तो आवळला होता त्यानं पुन्हा कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मला त्याचा तेव्हा आनंद झाला होता. अजूनही होतो.